पॉवरगुड्याचे १४७ टन

ऑक्टोबर २००३ मध्ये वॉशिंग्टनला तीन दिवसांची एक आंतरराष्ट्रीय कार्यशाळा भरली. देशोदेशींची माणसे विमानाने आली, हॉटेलांत उतरली, वातानुकूलित सभागृहांत बसून बोलली आणि परत गेली. या सगळ्या खटाटोपात हवेत गेलेल्या कार्बन डायऑक्साइडची भरपाई म्हणून जागतिक बँकेने ६४५ डॉलर मोजले. ते पैसे पोहोचले तेव्हाच्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या पॉवरगुडा नावाच्या आदिवासी पाड्यावर, तिथल्या बायकांच्या बचत गटांकडे. बाजारहत्नूरहून इच्चोडा, गुडीहत्नूर, इंद्रवेल्ली, उटनूर असे करत जैनूरच्या डोंगराळ भागात शिरले की हा पाडा लागतो. आता जैनूर मंडल कुमुरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात गेले आहे. २००३ साली हा सगळा मुलूख एकाच जिल्ह्यात होता.

या बायकांनी विकले काय? झाडे विकली नाहीत आणि तेलही विकले नाही. २००२ मध्ये त्यांनी करंजाची सुमारे साडेचार हजार रोपे लावली होती. करंज या भागात सगळ्यांच्या ओळखीचा. बी कडू, जनावर तोंड लावत नाही. तेल दिव्याला किंवा कातडीच्या विकारांवर लावायला. हेच तेल डिझेलच्या जागी इंजिनात जाळता येते, ही गोष्ट पाटणचेरूच्या इक्रिसॅट संस्थेतल्या संशोधकांनी आणि आदिवासी विकास यंत्रणेने उचलून धरली. दहा वर्षांत या झाडांपासून ५१ टन तेल निघेल, तेवढे खनिज डिझेल जाळावे लागणार नाही आणि १४७ टन कार्बन डायऑक्साइड हवेत जायचा वाचेल, असा हिशेब मांडला गेला. बँकेने विकत घेतला तो हा न झालेला धूर. टनाला भाव पडला साधारण ४ डॉलर ४० सेंट. त्या वेळच्या दराने एकूण रक्कम तीस हजार रुपयांच्या आसपास.

या व्यवहाराचे तेव्हा कौतुक झाले आणि ते रास्त होते. जंगलाच्या कडेला राहणाऱ्या, रोकड क्वचितच हाती येणाऱ्या बायकांना हवामानाच्या नावाने थेट पैसे मिळावेत, ही साधी गोष्ट नव्हे. पण वहीचे दुसरे पान उलटले की हिशेब जरा अवघड होतो. वॉशिंग्टनची बैठक रद्द झाली नव्हती. एकही विमान कमी उडाले नव्हते. बँकेने पैसे दिले ते स्वखुशीने. दिले नसते तरी तिला जाब विचारणारा कोणी नव्हता. पुन्हा पैसे आज आणि तेल पुढच्या दहा वर्षांत, म्हणजे विकलेला माल बहुतांशी भविष्यातला. खरेदीदार होता, विक्रेता होता, प्रमाणपत्र होते, भावही ठरला होता. नव्हती ती मर्यादा. आणि कार्बनच्या बाजारात धूर खरोखर कमी करते ती मर्यादाच. बाजार फक्त ते काम स्वस्तात उरकून देतो.

‘कॅप अँड ट्रेड’ या जोडनावातला ‘ट्रेड’ लोकांच्या डोळ्यांत भरतो. प्रदूषण करण्याचा हक्क विकत मिळतो म्हणजे श्रीमंतांना रान मोकळे, अशी टीका त्यावरच होते. पद्धत मात्र सुरू होते ती ‘कॅप’पासून. सरकार आधी ठरवते की अमुक उद्योगांनी सगळ्यांनी मिळून वर्षाला इतके लाख टनच कार्बन डायऑक्साइड सोडायचा. तेवढेच परवाने काढले जातात, एका टनाला एक. काही फुकट वाटतात, काही लिलावात विकतात. वर्ष संपले की प्रत्येक कारखान्याने जितके टन सोडले तितके परवाने सरकारजमा करायचे. कमी पडले तर दंड, आणि तोही परवान्याच्या भावापेक्षा चांगला चढा. पुढच्या वर्षी परवाने थोडे कमी निघतात, त्याच्या पुढच्या वर्षी आणखी कमी. एखाद्याने कितीही पैसे ओतले तरी बाजारात नसलेला परवाना त्याला मिळत नाही. श्रीमंत कारखाना जास्त धूर सोडू शकतो, पण तेवढा धूर दुसऱ्या कोणीतरी आधीच कमी केलेला असतो.

सिमेंटचे उदाहरण घेतले तर हे लगेच पटते, आणि या भागाला सिमेंट काही परके नाही. चुनखडीचा पट्टा गडचांदूर, राजुरा, घुग्घुसपासून मंचेरियालपर्यंत पसरला आहे आणि त्यावर भट्ट्या उभ्या आहेत. सिमेंटची अडचण अशी की धूर फक्त कोळशाचा नसतो. चुनखडी तापली की तिच्यातलाच कार्बन डायऑक्साइड सुटतो. एक टन क्लिंकरमागे, म्हणजे भट्टीतून निघणाऱ्या सिमेंटच्या खड्यांमागे, अर्ध्या टनाहून थोडा जास्त. भट्टी सूर्यप्रकाशावर चालवली तरी हा वायू सुटणारच. मग उरतात दोन-तीन वाटा: क्लिंकरमध्ये राख मिसळायची (चंद्रपूर आणि रामगुंडमच्या वीजकेंद्रांच्या राखेला इथे तोटा नाही, पोझोलाना सिमेंटमध्ये ३५ टक्क्यांपर्यंत ती चालते), भट्टीच्या वाया जाणाऱ्या उष्णतेवर वीज करायची, किंवा कोळशाच्या जागी शेतातला काडीकचरा जाळायचा.

आता दोन कारखाने धरू. आकडे केवळ समजुतीपुरते. पहिला राखेच्या ढिगाऱ्याशेजारी आहे. त्याला एक टन धूर कमी करायला ६०० रुपये लागतात. दुसरा लांब आहे, यंत्रे जुनी, त्याला २,५०० रुपये लागतात. सरकारने दोघांनाही दहा-दहा हजार टन कपात करायला लावली तर पहिल्याचे ६० लाख जातात, दुसऱ्याचे अडीच कोटी. एकूण ३ कोटी १० लाख. व्यापाराची मुभा असेल तर पहिला वीस हजार टन कमी करतो आणि मोकळे झालेले दहा हजार परवाने समजा १,२०० रुपयांनी दुसऱ्याला विकतो. दुसऱ्याचे काम अडीच कोटींऐवजी १ कोटी २० लाखांत भागते, पहिल्याला जास्तीच्या कपातीवर ६० लाख सुटतात. हवेतून कमी झाले वीस हजार टनच, आधीइतकेच. प्रत्यक्ष कपातीचा खर्च मात्र ३ कोटी १० लाखांवरून १ कोटी २० लाखांवर आला. कोणत्या कारखान्याला काय परवडते हे मुंबई-दिल्लीच्या अधिकाऱ्याला कळण्याची गरज उरत नाही. भाव ते शोधून काढतो.

ही कल्पना अर्थशास्त्रज्ञांची. अमेरिकेत थॉमस क्रॉकर यांनी १९६६ मध्ये हवेच्या प्रदूषणासाठी आणि कॅनडात जॉन डेल्स यांनी १९६८ मध्ये पाण्याच्या प्रदूषणासाठी ती मांडली, आणि वीसेक वर्षे ती पुस्तकांतच राहिली. मोठ्या प्रमाणावर कसोटी लागली ती आम्लपावसाच्या निमित्ताने. कोळशावरच्या वीजकेंद्रांमधून सुटणाऱ्या सल्फर डायऑक्साइडमुळे अमेरिकेच्या ईशान्य भागातली तळी आणि जंगले खराब होत होती. १९९० च्या कायदादुरुस्तीने वीजकेंद्रांच्या एकूण सल्फर डायऑक्साइडवर मर्यादा घातली, १९९५ पासून ती लागू झाली आणि २०१० पर्यंत वर्षाला ८९.५ लाख टनांवर आणायची ठरली. १९९० मध्ये हाच आकडा दीड कोटी टनांच्या वर होता.

वीज कंपन्यांनी खर्चाचे भयंकर अंदाज मांडले होते. प्रत्यक्षात खर्च त्याच्या कितीतरी खाली आला. गंमत म्हणजे याचे मोठे श्रेय रेल्वेला जाते. वायोमिंगकडचा कमी गंधकाचा कोळसा नेमका तेव्हा स्वस्तात पूर्वेकडे पोहोचू लागला होता, कारण रेल्वेवरचे भाड्याचे निर्बंध आधीच उठले होते. सगळ्यांनी धुराड्याला महागडे यंत्र बसवावे असा हुकूम निघाला असता तर हा कोळसा मागवायची कोणाला गरजच पडली नसती. मर्यादेने एवढेच सांगितले की धूर कमी करा. कसा, ते तुम्ही बघा. काही पर्यावरणवादी गट तर लिलावात परवाने विकत घेत आणि वापराबाहेर काढत. तेवढा धूर कायमचा बाद.

युरोपची गोष्ट जास्त ठेचकाळत गेली आणि म्हणूनच ती जास्त शिकवून जाते. २००५ मध्ये युरोपीय संघाने वीजकेंद्रे, पोलाद, सिमेंट, कागद अशा दहा हजारांच्या आसपास आस्थापनांसाठी कार्बनचा बाजार उघडला. परवाने किती द्यायचे हे ठरवताना सरकारांनी उद्योगांचेच अंदाज धरले, आणि उद्योगांनी अंदाज फुगवून दिले होते. एप्रिल २००६ मध्ये प्रत्यक्ष धुराचे पहिले मोजलेले आकडे बाहेर आले तेव्हा कळले की परवाने गरजेपेक्षा जास्त आहेत. तीस युरोंच्या घरात असलेला भाव काही दिवसांत निम्म्यावर आला आणि २००७ संपेपर्यंत जवळपास शून्यावर. त्यात वीज कंपन्यांनी फुकट मिळालेल्या परवान्यांची किंमतसुद्धा ग्राहकांच्या बिलात लावून नफा कमावला. पुढे २००८ ची मंदी आली, कारखाने थंडावले, परवाने पुन्हा तुंबले आणि पुढच्या दशकाच्या मध्यावर भाव पाच-सात युरोंच्या आसपास रेंगाळत राहिला. या भावात कोणी नवी भट्टी बसवत नाही.

मग दुरुस्त्या झाल्या. वीजकेंद्रांना फुकट वाटप बहुतेक बंद करून लिलाव सुरू केला. मर्यादा दर वर्षी ठरलेल्या प्रमाणात खाली येऊ लागली. २०२४ पासून तो वेग वर्षाला ४.३ टक्के केला आहे. तुंबलेले परवाने बाजूला काढून ठेवणारी राखीव व्यवस्था २०१९ पासून चालू झाली. फेब्रुवारी २०२३ मध्ये भावाने टनाला शंभर युरोंचा टप्पा पहिल्यांदा ओलांडला. या बाजारात येणाऱ्या उद्योगांचा धूर २००५ च्या तुलनेत २०२३ पर्यंत सुमारे ४७ टक्क्यांनी घटला. त्यात स्वस्त झालेल्या वाऱ्याचा, सूर्याचा आणि मंदीचाही वाटा आहे, सगळे श्रेय परवान्यांना देणे चूक ठरेल. पण एक गोष्ट दिसते: बाजार तोच होता, दलाल तेच होते, मर्यादा ढिली होती तोवर काही घडले नाही आणि ती आवळल्यावर घडायला लागले.

पॉवरगुड्यासारख्यांचे व्यवहार या चित्रात येतात ते बाजूच्या दाराने. १९९७ च्या क्योटो करारात अशी सोय होती की श्रीमंत देशातल्या कारखान्याने स्वतःचा धूर कमी करण्याऐवजी गरीब देशात कोणीतरी केलेली कपात विकत घ्यावी. धुळे-नंदुरबारच्या आणि साताऱ्याच्या पठारांवर पवनचक्क्या उभ्या राहिल्या, त्यांतल्या अनेकांनी या सोयीखाली नोंदणी केली होती. सोय वाईट नव्हती. गोची अशी की मर्यादा नसलेल्या ठिकाणी ‘कपात’ मोजायची कशाच्या तुलनेत? ‘हे पैसे मिळाले नसते तर आम्ही ही पवनचक्की उभारलीच नसती’, हे म्हणणे खरे की खोटे ते कोण सांगणार? जी गोष्ट घडलीच नाही तिचे मोजमाप करायचे असते.

यातला सगळ्यात बदनाम प्रकार शीतकरणाच्या वायूंचा. एचसीएफसी-२२ बनवताना एचएफसी-२३ हा वायू फुकट तयार होतो, आणि त्याचा एक टन कार्बन डायऑक्साइडच्या ११,७०० टनांबरोबर धरला जात असे. तो जाळून टाकणे अगदी स्वस्त, पण जाळल्याची प्रमाणपत्रे युरोपात चढ्या भावाने खपत. चीनमध्ये आणि भारतातही काही कारखान्यांना मूळ मालापेक्षा त्याचा कचरा जाळण्यात जास्त पैसा दिसू लागला, आणि कचरा मिळावा म्हणून माल काढला जातो की काय अशी शंका येऊ लागली. २०१३ पासून युरोपने ही प्रमाणपत्रे घेणे बंद केले. तोवर एकूणच क्योटोच्या प्रमाणपत्रांचा भाव २००८ च्या वीसेक युरोंवरून २०१२ अखेर एका युरोच्या खाली घसरला होता, आणि प्रामाणिक पवनचक्कीवालेही त्यात भरडले गेले.

भारतात मर्यादा आणि व्यापार दोन्ही एकत्र आणणारा खरा प्रयोग झाला सुरतेत, आणि तो कार्बनचा नव्हता, धुळीचा होता. २०११ मध्ये जयराम रमेश पर्यावरणमंत्री असताना गुजरात, महाराष्ट्र आणि तामिळनाडू या तीन राज्यांसाठी अशा बाजाराची घोषणा झाली होती. प्रत्यक्षात उतरला तो गुजरातेत, २०१९ साली. सुरतेच्या कापड रंगाई-छपाईच्या कारखान्यांत, जिथे खानदेशातून गेलेली मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या कामाला आहेत, कोळसा आणि लिग्नाइट जाळून वाफ करतात. तीनशेहून अधिक कारखान्यांच्या धुराड्यांना अखंड मोजणारी यंत्रे बसवली गेली. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांतले निम्मे कारखाने बाजारात घेतले, बाकीचे जुन्या कायद्याखालीच ठेवले, म्हणजे तुलना चोख व्हावी. एकूण धुळीवर मर्यादा, तेवढ्या किलोंचे परवाने, बहुतेक फुकट आणि थोडे लिलावात. भाव किलोला ५ रुपयांच्या खाली जाऊ द्यायचा नाही आणि १०० च्या वर चढू द्यायचा नाही.

शिकागो, येल आदी विद्यापीठांच्या संशोधकांनी गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाबरोबर केलेल्या या प्रयोगात बाजारातल्या कारखान्यांची धूळ बाकीच्यांपेक्षा २० ते ३० टक्क्यांनी कमी झाली आणि कपातीचा खर्चही घटला. त्याहून लक्षवेधी म्हणजे परवाने भरण्याचे प्रमाण जवळपास शंभर टक्के होते. जुन्या कायद्याखाली राहिलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश कारखाने नियम मोडतच होते. याचे कारण समजण्यासारखे आहे. जुन्या कायद्यात शिक्षा दोनच: काही नाही, नाहीतर फौजदारी खटला आणि कारखान्याला टाळे. हजारो कामगारांच्या कारखान्याला टाळे लावायला कोणता अधिकारी धजावतो? म्हणून बहुतेक वेळा काहीच होत नसे. बाजारात जितकी जास्त धूळ तितके जास्त पैसे भरायचे, इतके सरळ असल्याने दंड खरोखर वसूल होऊ शकला.

मोजणी नीट नसेल तर हे सगळे ढासळते, आणि तोही धडा गुजरातेतलाच. २००९ ते २०११ दरम्यान तिथे प्रदूषणाच्या लेखापरीक्षकांवर एक प्रयोग झाला. कारखान्याने स्वतः निवडलेल्या आणि स्वतः फी दिलेल्या परीक्षकांची मोजमापे नेमकी कायद्याच्या आकड्याच्या किंचित खाली दाटीने येत; हवा इतकी आज्ञाधारक कशी, असा प्रश्न पडावा. परीक्षक सोडतीने नेमला, फी सामायिक निधीतून दिली आणि अधूनमधून फेरतपासणी केली, तेव्हा अहवाल खरे यायला लागले आणि कारखान्यांनी धूरही कमी केला.

कार्बनसाठी देशपातळीवर भारताची पहिली रंगीत तालीम म्हणजे ऊर्जाबचतीची ‘पॅट’ योजना. २०१२ ते २०१५ या पहिल्या फेरीत आठ क्षेत्रांतल्या ४७८ मोठ्या ऊर्जाग्राहकांना बचतीचे लक्ष्य दिले. लक्ष्य होते खनिज तेलाच्या हिशेबात सुमारे ६७ लाख टनांचे, बचत झाली सुमारे ८७ लाख टनांची. ऐकायला छान. पण उद्योगांनी लक्ष्य इतक्या सहज ओलांडले याचा दुसरा अर्थ लक्ष्यच सैल होते. लक्ष्यापुढच्या बचतीची ३८ लाखांच्या वर प्रमाणपत्रे बाजारात आली आणि लक्ष्य चुकलेल्यांना गरज होती जेमतेम १४ लाखांची. २००६ चा युरोप इथे पुन्हा भेटतो.

आता त्याच वाटेवर कार्बनचा बाजार येतो आहे. २०२२ मध्ये ऊर्जासंवर्धन कायदा दुरुस्त झाला, जून २०२३ मध्ये कार्बन क्रेडिट व्यापार योजना अधिसूचित झाली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये ॲल्युमिनियम, सिमेंट, क्लोर-अल्कली आणि कागद या चार क्षेत्रांतल्या २८२ आस्थापनांना लक्ष्ये मिळाली. त्यांतली १८६ सिमेंटची. लक्ष्य गाठले नाही तर प्रमाणपत्रांच्या सरासरी भावाच्या दुप्पट भरपाई. कोळशावरची वीजकेंद्रे, देशाच्या धुरातला सगळ्यात मोठा वाटा, या यादीत नाहीत.

आणखी एक गोष्ट नजरेआड होऊ नये. भारताने घातलेली मर्यादा एकूण धुरावर नाही, मालाच्या प्रत्येक टनामागच्या धुरावर आहे. एखादा कारखाना टन सिमेंटमागे ०.८० टन धूर सोडत असेल आणि त्याने तो ०.७७ वर आणला तर तो शाबासकीला पात्र. त्याच वेळी त्याचे उत्पादन शंभर टनांवरून एकशे दहा टनांवर गेले, तर धूर ८० टनांवरून ८४.७ टनांवर जातो. नियम पाळला, प्रमाणपत्रही मिळाले, धूर वाढला. सरकारची बाजू अशी की देशाला अजून घरे, रस्ते, पूल बांधायचे आहेत आणि भारताने जगाला दिलेले २०३० चे वचनही एकूण धुराचे नसून उत्पन्नाच्या तुलनेतल्या धुराचे आहे. हे म्हणणे गैर नाही. पण याला कॅप अँड ट्रेड म्हणायचे तर ‘कॅप’ अजून डोक्यावर बसायची आहे, एवढे मान्य करायला हवे.

आदिलाबादकरांना यातला एक पेच जवळून ठाऊक आहे. शहराजवळचा सिमेंट कॉर्पोरेशनचा सरकारी कारखाना नव्वदच्या दशकात बंद पडला. धुराड्यातून धूर नाही, कामगारांच्या घरात पगार नाही. सिमेंट मात्र कोणी वापरायचे थांबले नाही; ते दुसऱ्या भट्टीतून आले आणि धूरही तिकडून सुटला. एखाद्या देशाने एकट्याने मर्यादा घातली की हेच मोठ्या प्रमाणावर होऊ शकते, म्हणून युरोपने २०२६ पासून बाहेरून येणाऱ्या पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खतांवर कार्बनचा सीमाकर लावायला घेतला आहे. माल बनला त्या देशात कार्बनची जितकी किंमत आधीच भरली असेल, तितकी सूट मिळते. दिल्लीतल्या घाईमागे हे गणितही आहे: पैसा जाणारच असेल तर तो ब्रुसेल्सऐवजी देशातच राहिलेला बरा.

चंद्रपूरकरांची तक्रार वेगळी आणि तितकीच खरी. कार्बन डायऑक्साइड कुठूनही सुटला तरी पृथ्वीच्या दृष्टीने सारखाच, म्हणून त्याचा व्यापार चालतो. धुळीचे तसे नाही. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने अतिप्रदूषित औद्योगिक पट्ट्यांची यादी केली तेव्हा चंद्रपूर अगदी वरच्या क्रमांकांत होते. उद्या तिथल्या एखाद्या भट्टीने राजस्थानातून कार्बनची प्रमाणपत्रे घेतली तर हवामानाचा हिशेब जुळेल, पण भट्टीशेजारच्या कपाशीवर बसणारी राखाडी पूड तशीच राहील. तिच्यासाठी स्थानिक कायदाच लागतो. कार्बनच्या बाजाराकडून ती अपेक्षा ठेवणे चुकीच्या दुकानात जाण्यासारखे आहे.

मग बाजारहत्नूरसारख्या मंडलाचा या सगळ्याशी संबंध काय? इथे मर्यादेत येणारी भट्टी नाही. कोरडवाहू जमीन, कापूस, सोयाबीन, तूर, वर सागाचे डोंगर. इथला संबंध लागू शकतो तो पऱ्हाटीतून, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांतून. शेवटची वेचणी झाली की शेत मोकळे करायला पऱ्हाटी उपटून बांधाला लावतात. थोडी चुलीला जाते, बाकीची पेटवून देतात. एकरी साधारण टनभर काडी अशी जळते. ही काडी भट्टीत जळली तर तिचा धूर कार्बनच्या हिशेबात शून्य धरतात, कारण तो कार्बन त्याच हंगामात कपाशीने हवेतून घेतलेला असतो. वाळलेली पऱ्हाटी उष्णतेला इथल्या हलक्या प्रतीच्या कोळशाच्या जवळपास येते. मंचेरियालच्या भट्ट्या, कागजनगरची २०१४ मध्ये बंद पडून २०१८ मध्ये जेके पेपरकडे गेलेली सिरपूर पेपर मिल, पलीकडे गडचांदूर. गिऱ्हाईक फार लांब नाही.

अडते ते भावावर. पऱ्हाटी हलकी आणि फुगीर; ट्रॉली भरते पण वजन भरत नाही. ती उपटायची, यंत्रात बारीक करायची, दाबून विटा करायच्या आणि शंभर-दीडशे किलोमीटर न्यायची, म्हणजे खर्च कोळशाच्या वर जातो. भारतीय कोळशाच्या एका टनामागे साधारण दीड टन कार्बन डायऑक्साइड सुटतो. समजा कार्बनचा भाव टनाला ३०० रुपये निघाला, तर कोळसा जाळणाऱ्याला टनामागे ४५० रुपये जास्त पडतील. तेवढ्यासाठी कोणी बाजारहत्नूरपर्यंत ट्रक पाठवणार नाही. भाव १,५०० निघाला तर तोच फरक २,२५० होतो. मग इच्चोड्याच्या फाट्यावर कोणी व्यापारी काडी बारीक करायचे यंत्र आणि वजनकाटा मांडून बसला तर नवल वाटायला नको, आणि पऱ्हाटी पेटवू नका असे सांगत फिरणाऱ्या कृषी कर्मचाऱ्याचे काम बरेच हलके होईल.

यातला कोणता भाव निघेल हे मागणीवर ठरेल, आणि मागणी लक्ष्यांवर. ऑक्टोबर २०२५ च्या अधिसूचनेतली लक्ष्ये २०२५-२६ आणि २०२६-२७ या दोनच वर्षांची आहेत, आणि ती काही टक्क्यांच्या कपातीची आहेत. त्यापुढचे आकडे ‘पॅट’च्या पहिल्या फेरीइतके सैल राहिले तर प्रमाणपत्रे पुन्हा तुंबतील आणि पऱ्हाटी बांधावरच जळेल.